विरेमूकाकांच्या काठापर्यंत चार इंच

आमच्या घरामागचा पूल २०१४ साली पूर्ण होणार होता. हे बाबांनी १९८८ सालीच ठरवून टाकलं. तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो आणि २०१४ नावाचं साल प्रत्यक्षात येत नाही अशी माझी समजूत होती, त्यामुळे मी हरकत घेतली नाही. तेव्हाच घ्यायला हवी होती.

पूल म्हणजे एक मूळ. रबराच्या झाडाचं, अंगठ्याएवढं जाड. ऑकलंडच्या हिल्सबरोत आमचं घर उतारावर आहे. मागचं अंगण संपलं की घळ, घळीत ओढा, ओढ्यापलीकडे विरेमूकाकांची बाग. ओढ्याची रुंदी चौदा फूट. हे सगळं घडलं त्या वर्षी, म्हणजे शहाण्णव साली, मी सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. चौदा फुटांचा पूल आम्हाला पहिल्या वर्षी दुसऱ्या आठवड्यात शिकवला होता आणि त्या गणितात लागणारा वेळ दिवसांत मोजायचा होता. घरी आलो की दप्तर ठेवायचं आणि मुळाची पन्हळ धुवायची, हा माझा आठ वर्षांचा प्रॅक्टिकल अनुभव.

विरेमूकाका रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले सुतार. दर ख्रिसमसला ते ओढा ओलांडून यायचे. पाणी गुडघाभर असतं, त्यामुळे गमबूट घालून सरळ चालत यायचे.

"डॉक," ते म्हणायचे, "लाकूड माझ्याकडे नुसतं पडलंय. शनिवारी सुरू करतो, रविवारी तू माझ्याकडे चहाला ये."

"ते बांधणं झालं," बाबा म्हणायचे. "हा वाढवायचा आहे."

"स्वीट ॲज," म्हणजे झकास, असं म्हणून काका आपले टोमॅटो बघायला परत जायचे. गमबुटांतून.

याचं मूळ एकाहत्तर सालात आहे. बाबा तेव्हा पंचवीस वर्षांचे, नुकते डॉक्टर झालेले. पूर्व पाकिस्तानातून निर्वासित येत होते, मेघालयाच्या उतारावर छावण्या होत्या, छावण्यांत कॉलरा. पुण्याहून जी तुकडी गेली तिच्यात बाबा होते. मुक्काम एका खासी गावात आणि छावणी नदीपलीकडे. मधे पूल. तो कोणी बांधलेला नव्हता. दोन्ही काठांवरच्या रबराच्या झाडांची मुळं एकमेकांत गुंतवून वाढवलेला होता. बाबांनी तीन महिने रोज त्याच्यावरून सलाईनच्या बाटल्यांचे खोके नेले. एकही बाटली फुटली नाही.

"कोणी केला हा?" त्यांनी गावातल्या बाईंना विचारलं.

"माझ्या आजीच्या मामाने सुरू केला," बाई म्हणाल्या. "अजून चालू आहे."

हे वाक्य बाबा जेवताना ऐकवायचे. आईला ते पाठ होतं. ऋग्वेदा, माझी चौदा वर्षांची बहीण, ते इंग्रजीतून बाबांच्या आधी म्हणून दाखवायची आणि वर जोडायची, "डॅड, इट्स अ स्टिक."

मधे एकदा बाबांना तो पूल पुन्हा बघायला जायचं होतं. पण आम्ही न्यूझीलंडचे नागरिक झालो होतो आणि परदेशी पासपोर्टवर तिकडे जायला परवाना लागायचा. अर्जात 'कारण' या रकान्यात बाबांनी 'पूल बघणे' लिहिलं. 'कोणता पूल?' अशी विचारणा आली. बाबांनी आकृत्यांसह चार पानी उत्तर पाठवलं. त्यानंतर कोणी काही विचारलं नाही. पंच्याण्णव साली परवान्याची अटच गेली, तर बाबा म्हणाले, आता मुळाला टाकून कसं जाणार?

मूळ वळवायची त्यांची पद्धत त्या गावातलीच. तिथे सुपारीचं खोड उभं चिरून, पोखरून त्यातून मूळ पलीकडे नेतात. ऑकलंडमध्ये सुपारी नाही, म्हणून बाबांनी छताच्या पाण्याची प्लास्टिकची पन्हळ ओढ्यावर टांगली, तिच्यात माती आणि शेवाळ भरलं आणि मूळ आत सोडलं. झाडाला एक क्लिपबोर्ड लटकवला. त्याच्यावर दवाखान्यातला तक्ता. पेशंटचं नाव: मूळ. रोजची लांबी, रोजचं तापमान. 'तक्रार' या रकान्यात आठ वर्षं एकच शब्द: नाही. माझी तक्रार लिहायला रकानाच नव्हता.

तर, एप्रिलमध्ये विरेमूकाकांनी घर विकलं. गुडघे दुखायला लागले होते, ते मुलीकडे, दक्षिण बेटावर हॉर्नबीला निघाले होते. नव्या मालकाला काठावर काँक्रीटची भिंत घालायची होती.

बाबांनी ही बातमी ऐकली आणि दोन दिवस तक्त्यावर काही लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी काका ओढ्यातून आले.

"डॉक, मी वकिलाला सांगून कागदात घातलंय. तीस जूनला ताबा. त्या दिवशी तुझं मूळ माझ्या काठाच्या मातीत असेल तर नव्या माणसाने त्याला हात लावायचा नाही आणि भिंतही तिथे घालायची नाही."

"आणि हवेत असेल तर?"

"मग हवा त्याची."

एकतीस मेला अंतर उरलं चार इंच. थंडीत मूळ आठवड्याला एक इंच वाढत होतं. म्हणजे अठ्ठावीस जून. दोन दिवस हातात. बाबांनी आईची गरम पाण्याची पिशवी नेऊन पन्हळीखाली बांधली. आईची कंबर दुखत होती. आई हॉस्पिटलमध्ये फार्मसिस्ट आहे, तिने स्वतःच्या कमरेला मलम लावलं आणि एवढंच म्हणाली, "त्याला विचारा, चहा घेणार का."

इथपर्यंत सगळं आमच्या घरापुरतं होतं. पण मेमध्ये बाबांनी मराठी मंडळात स्लाइड दाखवल्या होत्या. चोवीस स्लाइड. हॉलमध्ये पुऱ्या तळल्याचा वास येत होता आणि लोक स्लाइडकडे बघत वासाकडे लक्ष देत होते. बाविसाव्या स्लाइडला पहिला प्रश्न आला. विचारला सुनीतीमावशींनी. त्या भूलतज्ज्ञ आहेत आणि मंडळाच्या सांस्कृतिक चिटणीस.

"दीनानाथ, तुमच्या अंगणातलं झाड वडाचं आहे का हो?"

इथे बाबांनी 'नाही, रबराचं' म्हणायला हवं होतं. पण तो पहिला प्रश्न होता. बाबा म्हणाले, "वडाच्याच कुळातलं."

"म्हणजे वडच की!"

पुऱ्या मागे पडल्या. बायका स्लाइडजवळ आल्या. त्याचं कारण असं, की कित्येक वर्षं ऑकलंडमधल्या मराठी बायका वटपौर्णिमेला वडाच्या फोटोकॉपीची पूजा करत होत्या. फोटोकॉपी भिंतीला चिकटवायची, खुर्चीवर चढून दोरा गुंडाळायचा. दोरा घसरायचा. एका वर्षी कागद फाटला आणि एका काकांना बायपास करावी लागली. त्यांना साखरेचा आणि सिगारेटचाही त्रास होता, पण बोललं गेलं ते कागदाबद्दलच.

पंधरा दिवसांनी मंडळाचं पत्रक आलं: 'वटपौर्णिमा आणि जिवंत पुलाची सहल. शनिवार, एक जून. डबा आणि छत्री आणावी.'

"अहो, सांगा त्यांना, हे रबराचं आहे," आई म्हणाली.

"येऊ देत गं," बाबा म्हणाले. "निदान पूल बघतील." आणि इस्त्रीचा शर्ट शोधायला गेले. आठ वर्षांत पूल बघायला आलेला पहिला पाहुणा मांजर होतं.

एक जूनला पाऊस होता. सकाळी दहापर्यंत अठरा गाड्या. बाबांनी मला गाड्या लावायला आणि लोकांना पुलाकडे न्यायला नेमलं. दोन्ही कामं एकाच वेळी करायची होती. मी लोकांना अंगणाच्या कडेवर उभं करून खाली बोट दाखवायचो.

"पूल कुठाय?"

"हा."

"ही पन्हळ आहे."

"पन्हळीच्या आत."

"पण याच्यावरून जायचं कसं?"

"अठरा वर्षं थांबून."

खाडीपलीकडच्या अल्बनीहून आलेल्या एक काकू बराच वेळ बघत राहिल्या. "आम्ही हार्बर ब्रिजवरून आलो," त्या म्हणाल्या. "तो पूल ओलांडून हा पूल बघायला." यात मला खोडण्यासारखं काही दिसलं नाही. त्यांच्या यजमानांना पुलावर उभं राहून फोटो हवा होता. मी त्यांना हार्बर ब्रिज सुचवला.

मग झाडावरून वाद. एक नर्सबाई म्हणाल्या, "ही पानं वडाची वाटत नाहीत. केवढी मोठी!"

"इथली ढोबळी मिरची बघितलीस ना?" सुनीतीमावशी म्हणाल्या. "तसंच ते."

वाद मिटला. पण उतार चिखलाचा. पहिल्याच काकू पैठणी आणि जँडल्समध्ये, म्हणजे रबरी चपलांत, उतरायला गेल्या आणि बसून खाली आल्या. दुसरं कोणी तयार होईना. तेव्हा मावशींनी तोडगा काढला, पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये काढतात तोच.

"फांदी आणा वर. गॅरेजमध्ये करू. माझी आई तिसऱ्या मजल्यावर वर्षानुवर्षं फांदीचीच करायची, बाबा नव्वद वर्षं जगले."

बाबा तेव्हा दिवाणखान्यात प्रोजेक्टर लावत होते, भिजायचं नसलेल्यांसाठी. मी गेटवर एका व्हॅनला मागे घेत होतो. फांदी आणायला निघाले काशिनाथकाका, मावशींचे यजमान, हाडांचे सर्जन. उत्साही माणूस. गॅरेजमधली करवत घेऊन उतरले.

पुढे त्यांनी जी साक्ष दिली ती अशी: झाड तीस फूट उंच. फांद्या वर, हात पोचेना. हाताला येणारी एकच फांदी होती आणि ती बिचारी कोणाच्या तरी तुटलेल्या पन्हळीत अडकली होती. त्यांनी ती मोकळी केली.

सर्जन असल्यामुळे काप अतिशय स्वच्छ होता.

अकरा फुटांची फांदी बघून मावशींनी विचारलं, "हिला पानं का नाहीत?"

"हिवाळा आहे," काशिनाथकाका म्हणाले. जूनमध्ये न्यूझीलंडमध्ये हे कोणालाही पटतं.

मला कळलं ते ऋग्वेदाकडून. ती गेटवर आली, हातात पुरी. "नितीश, डॅड्स स्टिक इज इन द गॅरेज." आणि पुरी खात राहिली.

मी गेलो. कोरोलाच्या पुढे बादली, बादलीत मूळ उभं. गॅरेजची उंची आठ फूट, म्हणून वरचे तीन फूट वाकवून छताच्या हुकाला बांधलेले. अंगाला हळदकुंकू. भोवती चौदा बायका, कोरोलासकट फेऱ्या घालत होत्या. आई सहाव्या फेरीला होती. तिच्या हातातला दोरा मुळावरून फिरला आणि हळदीखाली मार्करची खूण दिसली. बाबा दर सहा इंचांवर तारीख घालतात. चौदा ऑगस्ट एक्क्याण्णव. ऋग्वेदाला दम्याचा पहिला मोठा झटका आला तो दिवस. त्याही दिवशी बाबा आधी हॉस्पिटलमध्ये आणि मग मुळाकडे गेले होते.

आई थांबली.

"वसुंधरा, थांबू नकोस गं, व्रत मोडेल," मावशी म्हणाल्या.

"मोडलंय," आई म्हणाली.

बाबा दारात उभे होते. त्यांच्या हातात तेविसावी स्लाइड होती. ते पुढे आले, मुळाचं कापलेलं टोक दोन बोटांत धरलं, नाडी धरतात तसं, आणि घड्याळाकडे बघितलं.

"कधी कापलं?"

"पंचवीस मिनिटं झाली," काशिनाथकाका म्हणाले. आता त्यांच्याही लक्षात आलं होतं. चेहरा प्लास्टरसारखा. "दीनानाथ, तुटलेली बोटं सहा तासांपर्यंत जोडतात. मी जोडली आहेत."

आणि मग ते सुरू झालं. मंडळात डॉक्टर सोळा, नर्सेस नऊ, फार्मसिस्ट सहा. इतका वेळ ज्यांना उतारावर पाय ठेववत नव्हता ते सगळे खाली गेले. पैठण्या खोचल्या. दोन नर्सेसनी मूळ चादरीत घेतलं. काशिनाथकाकांच्या गाडीत प्लास्टरच्या पट्ट्या होत्या, त्या आल्या. आईने व्हॅसलीनची मोठी बाटली आणली. चार छत्र्या वर धरल्या गेल्या.

"माझं काही काम आहे का?" सुनीतीमावशी वरून ओरडल्या.

"भूल लागणार नाही!" काशिनाथकाका खालून.

"पेशंटने शेवटचं कधी खाल्लंय?" सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं. कोणी हसलं नाही, मी सोडून.

पलीकडच्या काठावर विरेमूकाका खिशात हात घालून उभे होते. चौदा फुटांवर हळदकुंकू लावलेलं मूळ पन्हळीत परत घातलं जात होतं.

"किया ओरा, डॉक," त्यांनी माओरीत नमस्कार घातला. "लाकूड अजून आहे."

मग त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली, जी माझ्याही आली होती. मूळ आता सुटं होतं.

"डॉक, मी इकडून ओढू का? चारच इंच. टोक मातीत गेलं की काम झालं. कागद पुरा."

सगळे बाबांकडे बघायला लागले. ओढलं तर टोक मातीत जाईल, पण इकडच्या दोन कापलेल्या टोकांमध्ये चार इंचांची फट पडेल आणि मूळ मरेल. जोडलं तर जगेल, कदाचित, आणि मग एकोणतीस दिवसांत चार इंच वाढावं लागेल. मोठ्या ऑपरेशननंतर.

"बाबा, ओढा," मी म्हणालो. "मेलं तरी जागा राहील. नवं सोडता येईल. हे साधं गणित आहे."

"ओढायचं नसतं," बाबा म्हणाले.

"पण बाबा—"

"नितीश, पेशंट जिवंत आहे. काशिनाथ, जोड."

काशिनाथकाकांनी दोन्ही टोकं तिरकी छाटली, एकमेकांवर बसवली. बांधायला काही मऊ हवं होतं. आईने हातातलं पूजेचं सूत पुढे केलं. तिने स्वतः सात वेढे घातले, गाठ मारली. वरून व्हॅसलीन, वरून प्लास्टर. "माझी सातवी फेरी यात धरा," ती कोणाला तरी म्हणाली. मग ओल्या पैठण्या गाड्यांत बसल्या आणि अठरा गाड्या गेल्या. तेविसावी आणि चोविसावी स्लाइड कोणी बघितली नाही.

पुढचे चार आठवडे आमच्या घरी तीनच बातम्या होत्या: मूळ कसं आहे, मूळ कसं आहे, आणि काशिनाथकाकांचा फोन, मूळ कसं आहे. ते दर शनिवारी राउंडला यायचे. सुनीतीमावशी डबा पाठवायच्या, माफीचा: थालीपीठ, मग अळूवडी, मग पुरणपोळी. मूळ खंगत गेलं तसा डबा सुधारत गेला. तक्त्यावर लांबीच्या रकान्यात बाबा रोज लिहायचे, चार इंच बाकी. चार इंच बाकी. मी पन्हळ धुवायचो. कशाला ते मला माहीत नव्हतं. पेशंटची स्वच्छता, बाबा म्हणायचे.

एकोणतीस जूनला शनिवारी काशिनाथकाकांनी प्लास्टर कापलं. पलीकडचा तुकडा तपकिरी, पोकळ, हलका झाला होता. बोटाने दाबला तर कागदासारखा वाजला. विरेमूकाका आपल्या काठावरून बघत होते. मागे त्यांच्या अंगणात खोके भरलेले.

"गेला," काशिनाथकाका म्हणाले. एवढ्या मोठ्या माणसाचा एवढा लहान आवाज मी ऐकला नव्हता.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, घातला, आणि खाली वाकून इकडचं, झाडाकडचं टोक बघितलं. कापाच्या कडेला, सुताच्या वेढ्यांतून, तीन पांढरी टोकं बाहेर आली होती. तांदळाच्या दाण्याएवढी जाड, चार इंचांहून जराशी लांब. ती मेलेल्या तुकड्याच्या पोकळीत शिरली होती.

बाबा बराच वेळ तसेच वाकून होते. मला वाटलं कंबर धरली. मग ते उठले, पन्हळीतला मेलेला तुकडा दोन्ही हातांनी धरला आणि अलगद पुढे ढकलला. एक इंच. दोन. चार. टोक विरेमूकाकांच्या मातीत गेलं. तीन पांढरी टोकं पोकळीतून सुटली नाहीत, तिच्या तोंडाशी राहिली.

"बाबा! ढकलायचं नसतं ना?"

"मूळ ढकलायचं नसतं. हे आता सुपारीचं खोड झालंय."

दुसऱ्या दिवशी रविवार, तीस जून. वकीलबाई छत्री घेऊन आल्या, विरेमूकाकांच्या बाजूने वाकून पाहिलं. "हे मूळ आहे?"

"मूळ आहे," काका म्हणाले.

"पण ते मेलेलं—" बाबांनी पलीकडून सुरुवात केली.

"डॉक," काका त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "कागदात मूळ लिहिलंय. तब्येत लिहिलेली नाही."

वकीलबाईंनी कागद दोनदा वाचला. हळदीचा डाग दिसला तो काय म्हणून विचारलं. रविवारीही आलेले काशिनाथकाका म्हणाले, अँटिसेप्टिक. बाईंनी कागदावर खूण केली.

दुपारी विरेमूकाका निरोप घ्यायला ओढ्यातून आले. जाताना गमबूट आमच्याकडे ठेवून गेले, हॉर्नबीला मुलीकडे ओढा नाही म्हणून. बाबांसाठी एक फळीही आणली होती, नुसती, कशाला ते बोलले नाहीत. बाबांनी तिच्यावर क्लिपबोर्ड ठोकला, नवा तक्ता लावला आणि लिहिलं: बाकी, अकरा फूट. पूर्ण होण्याचं साल खोडून २०२२ केलं.

"तेव्हा तुम्ही शहात्तर वर्षांचे असाल," मी म्हणालो.

"तू सत्तेचाळीसचा. तीन मुळं आहेत रे आता, एक होतं. तिप्पट मजबूत."

"म्हणजे तीन पन्हळी."

"हो," बाबा म्हणाले, आणि खरोखर खूष दिसले.

त्या कोणी धुवायच्या हे विचारायची गरज नव्हती. ते १९८८ सालीच ठरलं होतं.